मिसेस जॉन्सनच्या कुशीतली कळ

आर्डिस टोलफसन आजारी पडण्यात पटाईत होती. नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यांत तिला मधुमेह झाला, दमा झाला, हृदयविकाराचा झटका येता येता राहिला, आणि विस्मरणाचा आजार झाला त्या दिवशी तर बाहेर आल्यावर आपण गाडी कुठे लावली हे ती खरोखरच विसरली. जिल्ह्याच्या नर्सिंग कॉलेजात ती सरावाची रुग्ण होती. शिकणारी मुलं खऱ्या दुखणाईताला हात लावण्याआधी असल्या उसन्या दुखणाईतांवर हात बसवतात. कागदी झगा घालायचा, उंच पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसायचं, हातात दिलेलं दुखणं सांगायचं, आणि मुलगा किंवा मुलगी बाहेर गेली की गुण द्यायचे. पलीकडच्या खोलीत शिक्षकमंडळी पडद्यावर सगळं बघत असत.

त्याआधीची हयात तिने नॉर्डबीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. खिमा, डब्यातलं सूप आणि वर बटाट्याचे तळलेले गोळे लावून भाजलेली हॉटडिश तिच्या हातची न खाल्लेला माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. मुलांच्या ताटात वाढताना ती विचारी, "अजून?" मूल म्हणे, "नको." "थोडंसं?" "नको, नको." मग ती पळी ताटावर धरून तिसऱ्यांदा विचारी आणि उत्तराची वाट न बघता वाढी. भुकेलं मूल कोणतं आणि खरंच पोट भरलेलं कोणतं, हे तिला दुसऱ्या 'नको'च्या वेळी कळलेलं असे.

कारण आमच्या नॉर्डबीत पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणत नाहीत. कॉफी घेणार? नको. अहो घ्या की. आत्ताच झाली. अर्धा कप तरी? "बरं मग, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर." पहिल्या खेपेला हो म्हणणारा हावरट आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू, असा सरळ हिशेब. तीच गत प्रकृतीची. कसं काय, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "फार वाईट नाही." मुलीचं लग्न ठरलं तरी फार वाईट नाही, आणि घर जळालं तरी फार वाईट नाही. कोणतं ते बोलणारा कुठे बघत बोलतोय यावरून ओळखायचं.

आर्डिसचा नवरा ऑर्व्हिल याच रीतीने गेला. शेतातलं साखरेचं बीट निघायच्या दिवसांत, ऑक्टोबरात, त्याच्या पोटात दुखू लागलं. दवाखान्यात दक्षिणेकडून नव्याने आलेला एक तरुण डॉक्टर होता, चांगला मन लावून काम करणारा. त्याने विचारलं, "एक ते दहामध्ये दुखणं किती?" ऑर्व्हिलने टोपी मांडीवर फिरवत सांगितलं, "दोन असेल." यंत्रात बोट चिरडलं तेव्हा ज्या माणसाने "जरा लागलं" म्हटलं होतं, त्याचे ते दोन. डॉक्टरने दोन लिहून घेतले आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. आर्डिस भिंतीलगतच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. नवऱ्याने सांगितलेला आकडा बायकोने परक्यासमोर खोडायचा, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं नव्हतं. ती पर्सच्या चापाकडे बघत राहिली. बीट निघून संपायच्या आधी ऑर्व्हिल संपला.

म्हणून ती कॉलेजात जात असे, असं कोणी म्हटलं असतं तर तिने हसून झटकलं असतं. "हिवाळ्यात तेवढंच कुठेतरी जायला," असं ती चर्चमध्ये सांगे.

कॉलेजात तीन वर्षांपूर्वी डॉ. मार्लो क्विन आल्या आणि त्यांच्याबरोबर भावनिक बुद्धिमत्ता आली. तोवर आमच्याकडे भावना होत्या आणि बुद्धीही होती, पण दोघींची गाठ कोणी घालून दिली नव्हती. क्विनबाई कॅलिफोर्नियाच्या. मनाने अगदी साखर. भेटलं की मिठी मारत, आणि नॉर्डबीची माणसं त्या मिठीत कुंपणाच्या खांबासारखी उभी राहत. पहिल्याच दिवशी त्यांनी आर्डिससमोर लिंबाच्या केकची बशी धरली. आर्डिस म्हणाली, "नको." क्विनबाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि बशी घेऊन पुढे गेल्या. तो केक आर्डिसला अजून आठवतो. वर पिठीसाखर भुरभुरलेली होती.

क्विनबाई मुलांना शिकवत: रुग्णाच्या भावनेला नाव द्या. रुग्ण 'नाही' म्हणाला तर त्या नाहीचा मान राखा. गप्पा हवापाण्यावर नेऊ नका. आणि वेळ साधून म्हणा, "हे तुमच्यासाठी किती कठीण असेल!" म्हणताना हात खांद्यावर.

मुलं हुशार. त्यांनी वाक्य असं घोटलं की झोपेतून उठवलं तरी म्हणतील. एकीने आर्डिसला विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"अंडं आणि टोस्ट."

"हे तुमच्यासाठी किती कठीण असेल!"

तिला पैकीच्या पैकी गुण पडले, कारण वाक्य होतं आणि हातही होता. नंदीच्या पाठीवर जसा येणारा-जाणारा हात ठेवून जातो तसा आर्डिसच्या उजव्या खांद्यावर ठेवून जाई. परीक्षेच्या दिवशी घरी गेल्यावर ती त्या खांद्याला मलम चोळत असे.

या वर्षी तिच्या वाट्याला आल्या होत्या मिसेस जॉन्सन. विधवा, मूलबाळ नाही, मधुमेह, आणि गोळ्या घेत नाहीत. का घेत नाहीत, तर नवऱ्यामागे एकटीने ताट वाढून घेणं जिवावर येतं. पण हे त्यांनी आपण होऊन सांगायचं नाही. योग्य वाक्य आलं की कुलूप उघडायचं. आर्डिसला हे काम सोपं होतं. ती स्वतः नवरा गेल्यापासून ओट्याशी उभी राहूनच जेवत होती.

सोपं नव्हतं ते दुसरंच. बीट निघायच्या दिवसांपासून तिच्या उजव्या कुशीत, बरगडीखाली, कळ येत होती. जेवणानंतर जास्त. कधी कधी झोपेतून उठून ती खुर्चीत ताठ बसून राही. फार्गोला असलेल्या तिच्या लेकीने, जोलीनने, फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फार वाईट नाही." जोलीन म्हणाली, "बरं तर." शहरात राहून पोरगी एकदाच विचारायला लागली होती.

परीक्षेच्या दिवशी शेवटचा आला कोल्टन हौगेन. बीटवाल्या हौगेनांचा धाकटा. कारखान्यात बाप आणि थोरला भाऊ असताना या पोराने नर्स व्हायचं मनात घेतलं, तेव्हा घरात जे झालं ते शेजारच्या शेतापर्यंत ऐकू गेलं होतं. शाळेत तो तिसऱ्यांदा विचारल्यावर दोन पळ्या घेणाऱ्यांतला. आता पांढऱ्या कोटाची बाही त्याला आखूड होत होती.

"मिसेस जॉन्सन, मी कोल्टन. आज कसं काय?"

"फार वाईट नाही."

इथे त्याने भावनेला नाव द्यायचं होतं. त्याने दिलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि कान लाल करून म्हणाला, "कुठे दुखतंय वगैरे का?"

"नाही."

त्याने स्टूल ओढलं, त्यावर बसला. "काल बाबांनी दोनदा बर्फ सारलं. तरी सकाळी दार उघडेना."

"यंदा लवकरच आलंय."

"हो ना." थोडा वेळ दोघंही नसलेल्या खिडकीकडे बघत राहिली. "नाही म्हणजे, पण दुखतंय ना कुठेतरी?"

"इतकं काही नाही रे."

कोल्टनने आपले तळवे गुडघ्यांवर पुसले. "तुम्ही पलंगावर चढताना कूस धरलीत," तो हळूच म्हणाला. "दुखतंयच. हो ना?"

आता हे तिसरं विचारणं झालं. जन्मभराची सवय. तिसऱ्यांदा विचारलं की खरं ते सांगायचं असतं. आर्डिसच्या जिभेने मिसेस जॉन्सनना विचारलंसुद्धा नाही. "बीट निघायला लागल्यापासून दुखतंय," ती म्हणाली. "जेवले की जास्त. रात्री उठून बसावं लागतं." मग स्वतःच दचकून म्हणाली, "जोलीनला सांगू नकोस."

घंटा वाजली.

पलीकडच्या खोलीतून क्विनबाई आल्या. त्यांनी कोल्टनला प्रेमाने समोर बसवून सांगितलं की त्याने एकाही भावनेला नाव दिलं नाही, रुग्णाने स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा विचारून दबाव आणला, आणि मौल्यवान वेळ बर्फात घालवला. मधुमेहाच्या गोळ्यांपर्यंत तर तो पोचलाच नाही. कोल्टन प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत गेला. तो बाहेर पडल्यावर त्या आर्डिसकडे वळल्या.

"आर्डिस, ही जोलीन कोण? मिसेस जॉन्सनना मूलबाळ नाही."

"सुचलं बोलता बोलता."

"आणि कुशीत दुखत नाही त्यांच्या. मधुमेह आहे त्यांना. अगदी जिवंत वाटलं हां, माझ्या अंगावर काटा आला! पण कागदावर आहे तेवढंच ठेवा, नाहीतर मुलांचा गोंधळ होतो."

"बरं," आर्डिस म्हणाली.

पडद्यासमोर त्या दिवशी तीन शिक्षक होते. माणसाच्या चेहऱ्यामागचं ओळखण्यात तिघांनीही मोठ्या पदव्या घेतलेल्या. एका बाईने आपलं खरं दुखणं सांगितलं आणि तिघांनी मिळून तिच्या अभिनयात सुधारणा सुचवल्या. देवाने माणसाला दोन डोळे दिले, आणि मग पडदाही दिला.

राहिला गुणांचा कागद. 'विद्यार्थ्याने भावनेला नाव दिलं का?' आर्डिसने पेन्सिल बराच वेळ हातात धरली. चर्चमध्ये नाव घातल्यापासून ती लिहून खोटं बोलली नव्हती. तिने 'नाही' लिहिलं. कोल्टन नापास झाला. ख्रिसमसनंतर एकदा फेरपरीक्षा, तीत राहिला तर कॉलेज बंद आणि बापामागून बीटच्या कारखान्यात. त्या दिवसापासून आर्डिसच्या कुशीत दोन गोष्टी टोचू लागल्या. पोराचा वेळ बर्फात गेला नव्हता. तिच्यात गेला होता.

चर्चच्या तळघरात डिसेंबरातलं जेवण होतं. मांसाचे गोळे, लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, पांढरा पाव, पांढरा भात, पांढरा सॉस; आमच्याकडे सणाला रंग चालत नाही. आर्डिस मोरीशी भांडी विसळत होती आणि कोल्टनची आई, रने, पुसत होती.

"घरात राहणं मुश्किल केलंय या पोराने," रने म्हणाली. "वाक्याचा सराव करतोय. काल याच्या बापाने हातोडी अंगठ्यावर मारून घेतली. तर हा शेजारी उभा राहून काय म्हणतो? 'बाबा, तुम्हाला राग आलाय असं मला जाणवतंय.'"

"मग?"

"बाप जे बोलला ते चर्चच्या आवारात सांगता यायचं नाही. आजी तर त्याला बघितलं की टीव्हीचा आवाज वाढवते." रने थांबली, कोरडी झालेली बशी पुसतच राहिली. "जमेल ना हो त्याला, आर्डिस?"

आर्डिसला सांगता आलं असतं की मी मनात आणलं तर जमेल. पण परीक्षेतलं बाहेर बोलायचं नाही, असा शब्द तिने दिलेला होता. "फार वाईट नाही तो," ती म्हणाली. रनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे याहून मोठी स्तुती मेल्यावरच होते.

थोड्या वेळाने रने बशा कपाटात लावायला गेली आणि कोल्टन फडकं घेऊन तिच्या जागी आला. दोघांनी काही पातेली विसळून पुसली.

"मिसेस टोलफसन," तो पातेल्याच्या बुडाला म्हणाला, "ते कुशीचं. ते मिसेस जॉन्सनचं होतं की तुमचं?"

"मिसेस जॉन्सनचं."

"त्यांना तर मधुमेह होता."

"माणसाला दोन दुखणी असू शकतात. ते झारे इकडे दे."

तेवढ्यात कोणीतरी कॉफीचं मोठं भांडं आणून मधे ठेवलं आणि बोलणं तिथेच तुटलं.

फेरपरीक्षेच्या सकाळी आर्डिसने प्रार्थना केली. पोराला पास कर, म्हणाली. मला कागदावर ठेव, म्हणाली. आपल्या कुशीबद्दल तिने काही मागितलं नाही. देवाने एकदा तरी आपण होऊन विचारावं, आणि मग आपण नको म्हणावं, अशीच रीत तिला तिथेही योग्य वाटत होती. नाश्ता तिने केला नाही, म्हणजे कळ येणार नाही.

कोल्टन आत आला. केस बसवलेले, चेहरा इस्त्री केलेला.

"मिसेस जॉन्सन, मी कोल्टन. आज आपल्याला कसं वाटतंय?"

"फार वाईट नाही."

"आपण जरा उदास आहात असं मला जाणवतंय." हात खांद्यावर आला, बरोबर जागेवर, जड, थंड. "हे तुमच्यासाठी किती कठीण असेल!"

कुलूप उघडायचं होतं. आर्डिसने उघडलं. नवऱ्याचं ताट, एकटीचं जेवण, गोळ्यांची बाटली, सगळं ओळीने सांगितलं. कोल्टनने मान हलवली, पुन्हा एका भावनेला नाव दिलं, गोळ्यांचं समजावलं. हा पोरगा आरशासमोर उभं राहून रोज हेच बोलत असणार, हे तिला दिसत होतं. शेवटी त्याने विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे एक नजर टाकून ते मिटलं. "मी आपल्या निर्णयाचा आदर करतो," तो म्हणाला, आणि घंटेच्या आधी बाहेर पडला.

'रुग्णाला आपलं ऐकलं गेलं असं वाटलं का?' कागदावर होतं. रुग्ण मिसेस जॉन्सन होत्या. त्यांचं ऐकलं गेलं होतं. आर्डिसने 'हो' लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. क्विनबाई पलीकडून टाळ्या वाजवतच आल्या. "बघितलंत? शिकवता येतं! सहानुभूती शिकवता येते!" त्यांनी आर्डिसला मिठी मारली. मिठी उजव्या कुशीवर पडली. आर्डिसचा श्वास अडकला, आणि क्विनबाईंनी ओळखलं की आर्डिस भारावून गेली आहे.

बाहेर गाड्यांच्या तळावर हवा दगडासारखी गार होती. कोल्टन आपल्या पिकअपशी उभा होता. निकाल त्याला कळला होता, कारण त्याचे कान लाल होते.

"झालं मग," आर्डिस म्हणाली.

"झालं." त्याने बुटाने बर्फ उकरलं. "मिसेस टोलफसन, कूस दुखतेय अजून?"

"नाही रे. इतकं काही नाही."

तळघरातलं विचारणं धरलं तर हे दुसरं होतं. आर्डिस थांबली. तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला, पर्समध्ये किल्ली शोधली. किल्ली हातातच होती. कोल्टन म्हणाला, "ठीक आहे," आणि वळून पिकअपमध्ये जाऊन बसला.

पास झाला, तिच्या मनात आलं. चांगलाच पास झाला.

तिच्या जुन्या ब्यूइक गाडीच्या काचेवर बर्फाचं कवच चढलं होतं. खरवडायला तिने हात वर केला आणि कळ अशी आली की ती बॉनेटवर हात टेकून उभीच राहिली. कळ ओसरली तेव्हा शेजारी खर्र-खर्र आवाज येत होता. कोल्टन काच खरवडत होता. समोरची काच झाली, बाजूच्या झाल्या, मागची झाली. मग खरवडणी खिशात घालून तो तिच्यासमोर आला. चेहऱ्यावर इस्त्री राहिली नव्हती.

"पिकअप गरम करून ठेवलाय," तो म्हणाला. "दवाखाना काही लांब नाही. चला."

काच सगळी साफ करून झाल्यावर विचारायची ही रीत याला कोणी शिकवली, ते आर्डिसला माहीत होतं. पळी ताटावर धरूनच विचारायचं असतं.

"बरं मग," ती म्हणाली. "तू एवढं म्हणतोच आहेस तर."

दवाखान्यात ऑर्व्हिलच्या वेळचीच खोली निघाली. भिंतीलगत तीच खुर्ची, फक्त गादी नवी. आर्डिस पलंगावर बसली, कोल्टन खुर्चीत, तिची पर्स मांडीवर घेऊन. आत आली ती ब्रियाना. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून पहिल्या नंबराने बाहेर पडलेली, अंडं-टोस्टवाली. तिने आर्डिसला ओळखलं नाही. आर्डिसने तेव्हा रंगवलेल्या दम्याच्या मिसेस ली मात्र तिला आठवल्या असत्या.

"एक ते दहामध्ये दुखणं किती आहे?"

आर्डिसची जीभ आपोआप वळली. "दोन असेल."

ब्रियानाने दोन लिहिले. हात खांद्यावर ठेवला. "हे तुमच्यासाठी किती—"

"दोन नाहीत," खुर्चीतून आवाज आला. कोल्टन पर्सच्या चापाकडे बघत बोलत होता. "माफ करा. पण यांचे दोन म्हणजे आठ-नऊ धरा. बीट निघायला लागल्यापासून आहे. रात्री झोपत नाहीत. मघाशी गाडीशी उभं राहवत नव्हतं."

ब्रियानाने त्याच्याकडे गोड रागाने पाहिलं. "रुग्णाच्या वतीने बोलायचं नसतं. त्यांनाच सांगू दे. मॅडम, दोनच ना?"

आर्डिसने खुर्चीकडे पाहिलं. तिथे मांडीवर पर्स घेतलेलं माणूस बसलं होतं आणि ते माणूस या खेपेला गप्प बसलं नव्हतं. नाही म्हणायची तिची सवय सत्तर वर्षांची. पण पोराला परक्यासमोर खोटं पाडायचं, हेही तिच्या आईने शिकवलेलं नव्हतं.

"पोरगा म्हणतो तेच लिहा," ती म्हणाली. आणि मग जे नॉर्डबीत कोणी ऐकलं असतं तर अँब्युलन्स मागवली असती, ते म्हणाली. "दुखतंय."

पित्ताशय खड्यांनी भरलेलं होतं आणि पिकलंही होतं. दुसऱ्याच दिवशी काढलं. आणखी काही दिवस गेले असते तर, असं डॉक्टर जोलीनला म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. जोलीन फार्गोहून आली ती आईवर चिडत आणि रडतच. "मी विचारलं होतं ना गं तुला!"

"विचारलं होतंस," आर्डिस म्हणाली.

कोल्टन भेटायला आला, तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून बर्फाबद्दल बोलला आणि गेला. प्रत्यक्ष वॉर्डात काम सुरू झाल्यावर त्याला पहिलाच शेरा मिळाला: रुग्णाला एकच प्रश्न वारंवार विचारतो. तो शेरा रनेने चर्चमध्ये सगळ्यांना सांगितला. "फार वाईट नाही," बायका म्हणाल्या.

एप्रिलमध्ये बर्फ काळं पडून वितळायला लागलं तेव्हा आर्डिस पुन्हा कॉलेजात गेली. क्विनबाईंनी फुलं पाठवलीच होती. आता जपून, हलकी मिठी मारली.

"कशी आहे तब्येत, आर्डिस?"

"फार वाईट नाही."

"वा! छान!" क्विनबाई म्हणाल्या. आर्डिस सवयीने क्षणभर थांबली, पण त्या कागद काढायला वळल्या होत्या. "तुमच्यासाठी एक गंमत आहे. त्या दिवशी तुम्ही जे केलंत ना, कुशीतलं दुखणं, रात्री उठून बसणं, लेकीला सांगू नकोस म्हणणं, ते आम्ही कोणीच विसरलो नाही. मिसेस जॉन्सनच्या कागदात घातलंय आता. मुलाने वाक्य नीट म्हटलं की तुम्ही ते सांगायचं."

कागदावर खरंच तसं होतं. जोलीनचं नावसुद्धा होतं.

आर्डिसने कागदी झगा घातला, पलंगावर चढली, पाय सोडले. पहिली मुलगी आली, भावनेला नाव दिलं, हात खांद्यावर ठेवला, वाक्य म्हटलं. पहिल्याच खेपेला. आर्डिसने उजव्या कुशीवर हात ठेवला, जिथे आता नुसता व्रण होता, आणि सांगितलं: बीट निघायला लागल्यापासून दुखतंय, जेवले की जास्त, रात्री उठून बसावं लागतं, जोलीनला सांगू नकोस.

घंटा झाल्यावर क्विनबाई आल्या. चेहरा थोडा अवघडलेला होता. आर्डिसला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं.

"छानच झालं," त्या म्हणाल्या. "फक्त... तेव्हा जास्त खरं वाटलं होतं."

"हो का," आर्डिस म्हणाली. "तेव्हा सराव नव्हता."